सकाळची बर्फाची लादी दुपारी दोनलाच पाणी? नवी पेटी घेण्याआधी हे बघा

गुढीपाडवा झाला की माझ्याकडं एक तक्रार ठरलेली येते. कधी रसवंतीवाला येतो, कधी सोडा-सरबताचा गाडा लावणारा, कधी लग्नात पाण्याची व्यवस्था बघणारा पोरगा. परवा उचगावकडचा एकजण आला. म्हणाला, "अण्णा, सकाळी सातला पंचवीस किलो बर्फ टाकला. दोनला हात घातला तर कोपरापर्यंत नुसतं पाणी. पेटी बदलू काय?"

मी सतरा वर्षं यात्रा आणि लग्नसराईत सरबत, ताक, सोडा विकतोय. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात लक्ष्मीच्या यात्रा नेमक्या उन्हाच्या तोंडावर येतात, त्यामुळं बर्फ हा माझा सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेभरवशाचा माल. सुरुवातीची चार वर्षं मीही दरवर्षी पेटीच बदलत होतो. थर्माकोल गेलं, फायबर आलं, मग जाड थर्माकोल, मग पफची (पॉलियुरेथेन फोमची) पेटी. बर्फ मात्र दोनलाच संपायचा. म्हणून कुणी पेटीचं विचारलं की मी उलट विचारतो: पंचवीस किलो बर्फ कुठं कुठं गेला त्याचा हिशेब केलास काय?

आधी मुळातली गोष्ट. पेटी, भुसा, किंतान (गोणपाट), थर्माकोल यातलं काहीच गारवा तयार करत नाही. बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावणं, एवढंच त्यांचं काम. बर्फाची ताकद त्याच्या वितळण्यात असते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता खातो. म्हणजे शून्य अंशाचं एक लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवायला जेवढी लागते तेवढी. कारखान्यातली लादी उणे आठ-दहाच्या मिठाच्या पाण्याच्या हौदात तयार होते, म्हणून "एकदम कडक गार लादी दे" असा हट्ट लोक धरतात. पण उणे आठपासून शून्यापर्यंत येताना ती जेमतेम १७ किलोज्यूल खाते, वितळण्याच्या मानानं पाच टक्के. लादी कडक आहे की नाही यापेक्षा ती ओली, घामटलेली, अर्धी वितळून ठेवलेली नाही ना, हे बघा. आणि पेटीतून निघणारं प्रत्येक लिटर पाणी म्हणजे ३३४ किलोज्यूल कुठून तरी आत आली असं समजा. कुठून आली तेच शोधायचं आहे.

रात्रीची चाचणी

याला पैसे लागत नाहीत, एक रात्र लागते. पेटी रिकामी, पुसून कोरडी करा. रात्री दहाला मोजून दहा किलो बर्फ घाला. मोठे तुकडे असू द्यात, चुरा नको. पंधरा मिनिटं थांबून साचलेलं पाणी काढून टाका, म्हणजे आणताना जे ओघळलं ते हिशेबात येणार नाही. मग झाकण लावा आणि सकाळी सहापर्यंत अजिबात उघडू नका. बाटली नाही, भांडं नाही, आत फक्त बर्फ. सकाळी पाणी मापून घ्या. माझ्याकडं दुधाचं लिटरचं माप आहे, तेच वापरतो.

आता किती पाणी यायला हवं? माझी जुनी पेटी बाहेरून साठ बाय चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरची, थर्माकोलची भिंत अडीच सेंटिमीटर. एप्रिलात आपल्याकडं रात्र उतरते, चोवीस अंश धरा. अशा पेटीतून तासाला साधारण चारशे ग्रॅम बर्फ भिंतीवाटे जातो, आठ तासांत तीन लिटर. भिंत पाच सेंटिमीटरची असेल तर दीड लिटर. भर दुपारी पस्तीस-छत्तीस अंशांत अडीच सेंटिमीटरच्या पेटीला हाच आकडा तासाला सहाशे ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे आठ तासांत पाच किलोच्या आसपास.

माझ्याएवढ्या, अडीच सेंटिमीटर भिंतीच्या पेटीतून तुमच्या मापात तीन-साडेतीन लिटर आलं तर पेटी ठीक आहे. पाच-सहा आलं तर पेटी कुठून तरी गळते.

उचगावच्या पोराची पेटी मापाला माझ्यासारखीच. त्याला साडेपाच लिटर आलं.

चाचणीत पाणी जास्त आलं तर

भिंतीकडं शेवटी बघा. पहिल्यांदा तळाचं भोक.

गोव्याहून चोर्ला घाटानं मासळी येते त्या पेट्या आपल्याकडं स्वस्तात मिळतात. त्यांच्या बुडाला पाणी जायला भोक असतं आणि त्याचं बूच बहुतेक वेळा हरवलेलं. लोक म्हणतात, असू दे, पाणी जातंय तर बरंच की. पण गार हवा जड असते. त्या भोकातून पाण्याआधी गार हवा सांडते आणि तेवढीच गरम हवा झाकणाच्या फटीतून आत ओढली जाते. दिवसभर, न थांबता. विश्वास नसेल तर उदबत्ती लावा. वारा नसलेल्या जागी पेटीत बर्फ घालून झाकण लावा आणि भोकापाशी उदबत्ती धरा. सरळ वर जाणारा धूर तिथं वाकतो आणि जमिनीकडं ढकलला जातो. तीच उदबत्ती झाकणाच्या कडेनं फिरवा, एखाद्या कोपऱ्यात धूर हळूच आत शिरताना दिसेल. तो कोपरा तुमचा चोर. मला हे एका मासेवालीनं दाखवलं. तिची स्वतःची पेटी बुचाची होती, बिनबुचाच्या ती विकत होती.

बूच म्हणून जुन्या रबरी चपलेचा तुकडा उत्तम बसतो. भोकापेक्षा थोडा मोठा कापायचा आणि दाबून घालायचा. पाणी सतत काढायचंच असेल तर भोकाला हातभर प्लास्टिकची नळी लावून तिला खाली झोका द्या आणि टोक पुन्हा थोडं वर उचलून बांधा. त्या वाकात पाणी साचून राहतं. पाणी जातं, हवा जात नाही. न्हाणीच्या जाळीखाली असतं तसंच.

दुसरं झाकण. थर्माकोलचं झाकण दोन हंगामांत कडेला झिजतं. वरून बसल्यासारखं दिसतं, पण कागदाची पट्टी फटीत घालून ओढली की सुळकन निघून येते. पट्टी अडकली पाहिजे. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कडेनं चिकटवा, वर वजन ठेवा. खाकी चिकटपट्टी झाकणाला लावू नका, तासाभरात घामानं सुटते.

तिसरं बूड. फरशीवर किंवा टेम्पोच्या पत्र्यावर पेटी थेट ठेवली की तापलेला पत्रा रात्रीपर्यंत उष्णता देत राहतो. दोन फळ्या, त्यावर पेटी. एवढंच.

मग भिंत. थर्माकोल दाबल्यावर कुरकुरत असेल, दाणे सुटत असतील, पाणी पिऊन जड झालं असेल तर ते गेलं. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या, कारण पुढं भुशालाही तीच लागू आहे: थर्माकोल असो, तूस (भाताचं टरफल) असो, किंतान असो, उष्णता अडवते ती त्यात अडकलेली स्थिर हवा. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की संपलं. पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगानं जाते.

उचगावच्या पेटीला वरचं सगळंच थोडंथोडं होतं. पण भोक मुख्य.

चाचणी बरोबर, तरी दुपारी दोनला पाणी

निम्म्याहून जास्त लोक या खात्यातले. त्यांच्या पेटीत काही दोष नसतो. बर्फ गेलेला असतो तो धंद्यात, आणि नाव पेटीचं होतं. माझ्या एका यात्रेच्या दिवसाचा जमाखर्च मांडतो.

जमा पंचवीस किलो. भिंतीवाटे दिवसभरात पाच किलो गेला, वर आलंच आहे.

मग बाटल्या. दोनशे मिलिलिटरच्या चोवीस काचेच्या बाटल्यांचा एक क्रेट. टेम्पोतून आलेला असतो, बाटली चौतीस अंशांची. ती सहा अंशांवर आणायची तर आतलं पेय गार करायलाच पावणेदोन किलोच्या आसपास बर्फ लागतो, आणि काच गार करायला आणखी अर्धा-पाऊण किलो. म्हणजे क्रेटमागं सव्वादोन-अडीच किलो. दिवसात चार क्रेट फिरवले की नऊ-दहा किलो गेला. हा वाया गेला नाही, त्यानं त्याचं काम केलं. पण आपण म्हणतो "वितळला".

मग ग्लासातला बर्फ. शंभर ग्लास कोकम सरबत, प्रत्येकात साठ ग्रॅम. सहा किलो. हे तर आपल्याच हातानं उचलून दिलेलं! तरी संध्याकाळी पेटीकडं रागानं बघतो.

झाकणाची उघडझाप सगळ्यात बदनाम. "झाकण उघडू नको रे" म्हणून मी पोरांवर इतकं ओरडलोय. खरं तर माझ्या पेटीत सत्तर लिटरही हवा मावत नाही, आणि हवा गार करायला फार कमी उष्णता लागते. एकदा उघडून लगेच लावलं तर दहा-बारा ग्रॅम बर्फ जातो. शंभर वेळा उघडलं तर एक-सव्वा किलो. पण उघडून ठेवलं, एका हातात झाकण धरून गिऱ्हाइकाशी पैशावरून बोलत उभं राहिलं, वर वारा असला, तर तो हिशेब राहत नाही.

बेरीज झाली एकवीस-बावीस किलो. उरलेले तीन-चार फोडताना उडालेला चुरा आणि आणताना ओघळलेलं पाणी.

आता पेटी दुप्पट जाड केली तर काय वाचेल? भिंतीवाटे जाणारा पाचातला अडीच किलो. मिळाला तर हवाच आहे, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी दोन-अडीच हजार घालण्याआधी क्रेटकडं बघा. आदल्या रात्री बाटल्या अंगणातल्या हौदाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या तर सकाळी त्या चोवीस अंशांवर असतात, चौतीसवर नाही. क्रेटमागं पाऊण किलोच्या वर बर्फ वाचतो, चार क्रेटला तीन किलो. फुकटात. रात्री जमत नसेल तर निदान क्रेट टेम्पोच्या पत्र्याखाली ठेवू नका, झाडाखाली ओलं किंतान टाकून ठेवा.

आणि बर्फ फोडण्याची घाई. पोरं सकाळी लादी आली की टोचा घेऊन सगळी फोडून मोकळी होतात, दिवसभराची कटकट नको म्हणून. तीस किलोची लादी चौकोनी ठोकळा धरली तर तिची सगळी बाजू मिळून सहा दशांश चौरस मीटर भरते. तिचेच बोराएवढे नको, पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे केले तरी बाजू चार चौरस मीटरच्या आसपास जाते, सहापट. जेवढी बाजू तेवढी उष्णता शिरायला वाट. तासाभराला लागेल तेवढाच फोडा, बाकीचा ठोकळा राहू द्या. बाटल्या पटकन गार करायच्या असतील तेव्हा मात्र चुराच हवा. तिथं आपल्याला वितळणंच हवं असतं.

तुसाची पेटी

ज्यांना माल गार करायचा नाही, नुसत्या लाद्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवायच्या आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा. तिथं सगळा खेळ भिंतीचाच. आणि तिथं आपल्या भागाइतकी स्वस्त सोय क्वचित कुठं असेल. खानापूर-बेळगाव म्हणजे भाताचा मुलूख, गिरणीमागं तुसाचे ढीग लागलेले असतात. कोरडं तूस दहा सेंटिमीटर जाड घातलं तर ते सहा-सात सेंटिमीटर थर्माकोलच्या तोडीला येतं. लाकडाचा कोरडा भुसाही चालतो, थोडा डावा.

बोस्टनहून १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज तळ्यातला नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं होतं. निघताना १८० टन, चार महिने समुद्रावर, वाटेत दोनदा विषुववृत्त, आणि पोचला तेव्हा शंभर टनांच्या आसपास शिल्लक. यंत्र नाही, वीज नाही. एकगठ्ठा रचलेला बर्फ, भोवती लाकूड आणि कोरड्या मालाचा जाड थर. आपण घोटगाळीपर्यंत नेताना निम्मा घालवतो.

बनवायची रीत: एक मोठं खोकं, त्यात मावेल असं लहान. फळ्यांचं असो की प्लास्टिकच्या क्रेटचं. दोन्हींच्या मधे सगळीकडून, खालूनही, वितीच्या निम्म्यानं म्हणजे दहा सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. तूस मोकळं न भरता पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून, तोंड बांधून, त्या उशा मधे दाबून बसवा. फार ठेचू नका, दाणे चिरडले की हवा जाते. वरच्या झाकणासाठी अशाच दोन जाड उशा. लाद्या आत एकमेकींना चिकटून रचा. तीस किलोच्या पाच लाद्या सुट्या ठेवल्या तर जेवढी बाजू उघडी पडते, त्यापेक्षा एकत्र एका ढिगात रचल्या तर जवळजवळ चाळीस टक्के कमी पडते. आत जागा उरली तर तीही तुसाच्या पिशवीनं भरून टाका.

पिशव्यांचा आग्रह का, ते सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका गावात लग्न होतं, मे महिना. पाच लाद्या आदल्या संध्याकाळी आणून समाजमंदिरात फरशीवर तूस पसरून त्यात पुरल्या. मोकळं तूस, अगदी जुन्या पद्धतीनं. रात्री आठला वळीव आला, छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं. आम्ही ताडपत्री टाकली आणि निवांत झोपलो. सकाळी तुसात हात घातला तर वरचा थर कोरडा, खालचा चिखल. लादीचं वितळलेलं पाणी आणि पावसाचं पाणी, दोन्ही तुसानं पिऊन घेतलेलं. आणि कडेचा एक ढीग हाताला चक्क कोमट लागला. गिरणीवाल्यानं तुसात कोंडा मिसळलेला माल दिला होता, ओला झाल्यावर तो रात्रीत आंबायला लागला होता. बर्फ झाकायला आणलेला माल स्वतःच तापत होता! पाच लाद्यांतली दीड हाताला लागली. दुसऱ्या पंगतीला माणसं कोमट ताक प्यायली, आणि नवरीच्या मामांनी मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून तूस मुठीत घेऊन बघतो. मूठ उघडल्यावर ते सुटं पडलं पाहिजे, तळव्याला पीठ लागता कामा नये. आणि खाण्याचा बर्फ कधीही तुसाला किंवा भुशाला थेट लागू देत नाही, आधी स्वच्छ पॉलिथिन. लादी निळसर असेल तर ती खाण्याची नाही, ती फक्त बाहेरून बाटल्या गार करायला. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करण्याचा नियम २०१८ पासूनचा आहे, पण बिनरंगाची लादी म्हणजे पिण्याच्याच पाण्याची, असंही धरून चालू नका. कारखान्यात विचारून घ्या.

ओलं किंतान: घालावं की नाही?

यावर आमच्याकडं वाद होतात. एक म्हणतो, ओल्या किंतानात बर्फ टिकतो, माझा आजा तसंच करायचा. दुसरा म्हणतो, कोरडंच पाहिजे. दोघंही बरोबर आहेत, जागा वेगळ्या आहेत.

बर्फाला चिकटलेलं किंतान कोरडं हवं. ओलं झालं की ते उष्णता अडवायच्या ऐवजी आत आणून सोडतं. पण पेटीच्या बाहेरून, हातभर वर, मांडवासारखं ओलं किंतान टांगलं तर कोरड्या एप्रिलात ते वाळता वाळता विशी-बाविशीपर्यंत उतरतं. माठ गार होतो तेच. पेटीभोवतीची हवा छत्तीसच्या ऐवजी सव्वीस-अठ्ठावीसवर आली तर भिंतीवाटे जाणारा चौथा हिस्सा बर्फ वाचला.

वळवाचे दिवस आले, हवा दमट झाली की ही युक्ती बंद पडते. उलट तेव्हा दुसरा घाटा सुरू होतो. दमट हवेतली वाफ गार बर्फावर येऊन पाणी होते, आणि पाणी होताना आपली उष्णता तिथंच सोडते. असं एक ग्रॅम पाणी बर्फावर साचलं की सात ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणून पावसाळी हवेत उघडी लादी ऊन नसतानाही भराभरा जाते, आणि लोक चक्रावतात, "आज तर ढग आहे की!" अशा दिवशी झाकण कसून लावा आणि पंखा बर्फावर सोडू नका. पंखा माणसाला गार करतो कारण माणसाला घाम येतो. बर्फाला तो फक्त नवी गरम हवा पुरवतो.

राहिलेलं, थोडक्यात

मीठ टाकून बर्फ टिकतो, हे एका गिऱ्हाइकानं मला छातीठोक सांगितलं. मिठानं बर्फ शून्याच्या खाली गार होतो हे खरं, म्हणून तर कुल्फीच्या पिंपात खडेमीठ घालतात. पण तो गार होतो तो भराभर वितळूनच. कुल्फी जमवायची तर घाला, बर्फ टिकवायचा तर मिठाचा डबा दूर ठेवा.

चंदेरी कागद उन्हाची झळ परतवतो, पण त्याच्या आणि पेटीच्या मधे बोटभर पोकळी हवी. पेटीला चापून चिकटवलेला कागद नुसता शोभेचा. पांढरं धुवट धोतर टाकलं तरी पुष्कळ काम होतं. काळी ताडपत्री मात्र पेटीवर थेट कधीच नको.

पाणी काढावं की ठेवावं? बाटल्या गार करायच्या असतील तर ठेवा. पेटीतलं पाणीही शून्याचंच असतं आणि बाटलीला सगळीकडून भिडतं, नुसत्या तुकड्यांपेक्षा लवकर गार करतं. लाद्या साठवायच्या असतील तर काढा, नाहीतर भिंत भिजते. मासळी असेल तर काढायलाच हवं, पाण्यात भिजली की मासळी फिकी पडते आणि लवकर उतरते. मासळीला बर्फ-मासळी-बर्फ असे थर द्या, आणि उन्हाळ्यात वजनाला वजन बर्फ धरा.

करंट गेल्यावर घरच्या फ्रीजचं: वरच्या कप्प्यात रिकामी जागा असेल तिथं आधीपासून पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, तीन-चार तास निभतात. फ्रीजवर गोधडी टाकायची असेल तर करंट आल्या आल्या काढा, मागची जाळी झाकून चालत नाही.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला मी आता दोन पेट्या नेतो. बेळगावात ती वैशाखात, रात्रभर चालते आणि गर्दी पहाटेपर्यंत हटत नाही. तुसाची पेटी साठ्याची, ती दोन-तीन तासांतून एकदाच उघडायची. थर्माकोलची हाताशी, तिच्यात पाच-सहा किलोच ठेवायचा. पूर्वी एकाच पेटीत सगळं असायचं आणि बाराच्या पुढं मी शहापुरात बर्फ शोधत फिरायचो.

उचगावचा तो पोरगा गेल्या आठवड्यात पुन्हा आला. भोक बुजवलं, क्रेट रात्री हौदात घालायला लागला, लादी तासातासाला फोडतो. पंचवीसच्या जागी आता वीस किलो घेतो आणि चार वाजता पेटीत दोन मोठे खडे असतात म्हणे. पेटी तीच. बूच मात्र माझ्या जुन्या चपलेचं, उजव्या पायाच्या टाचेकडचं.